बरंय

भोसरीतल्या टपरीवर सकाळचा चहा घेताना डॉक्टर ज्योतीराम ओव्हाळांच्या कानावर एक शब्द पडला आणि हातातला कप त्यांनी अर्धा भरलेला तसाच खाली ठेवला. शब्द काही मोठा नव्हता, तत्त्वज्ञानातला तर अजिबात नव्हता. शेजारी कंपनीचा निळा शर्ट घातलेला एक माणूस फोनवर बोलत होता, बहुतेक गावाकडं. "हां... हां... बघू ना, सुट्टी मिळाली तर... हां." मग थोडा वेळ तो नुसताच ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "बरंय." फोन खिशात टाकला, चहावाल्याकडं बघून मान हलवली आणि आपल्या वर्कशॉपच्या दिशेनं चालू लागला. एवढंच झालं. पण डॉक्टर त्याच्या पाठीकडं बघत राहिले. त्या माणसाला कुणी 'कसा आहेस' असं विचारलेलं नव्हतं. बोलणं संपलं होतं, फोन ठेवायचा होता, म्हणून तो 'बरंय' म्हणाला होता. आपण सगळेच म्हणतो की! बरंय, निघतो. बरंय, भेटू. बरंय मग. त्यांचा पेशंट गणराजसुद्धा शेवटच्या फोनवर हेच म्हणाला होता.

चहावाला म्हणाला, "काय डॉक्टर, माशी पडली का चहात?" डॉक्टर म्हणाले, "नाही रे." आणि रस्ता ओलांडून दवाखान्याकडं निघाले. नटबोल्टच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर त्यांचा दवाखाना. जिना अरुंद, लोखंडी कठड्याला तेलाचा वास. तीस-पस्तीस वर्षं ते हा जिना चढत होते, पण आज मधल्या पायरीवर त्यांना थांबावं लागलं. मेंदू मात्र थांबेना. तो फोन परत परत ऐकू येत होता. गणराज पहिल्या पाळीला होता, चाकणच्या कारखान्यात. चहाच्या सुट्टीची वेळ बघून डॉक्टरांनीच लावला होता. ही त्यांची पद्धतच होती. पाळीतली माणसं ठरल्या दिवशी येऊ शकत नाहीत, मग डॉक्टर त्यांना फोन करायचे आणि एकच प्रश्न विचारायचे, "कसं वाटतंय?" लांबड लावायची नाही. त्या दिवशी मागं मशिनांचा धडधडाट होता. "ऐकू येतंय का गणराज? कसं वाटतंय आता?" पलीकडून काहीच नाही. मग जरा वेळानं, अगदी शांतपणे, "बरंय, डॉक्टर." डॉक्टर म्हणाले, "छान. गोळ्या चालू ठेव," आणि त्यांनी फोन ठेवला. त्यांनी ठेवला, गणराजनं नाही. एका हातात पेन होतं, समोर त्यांच्या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीचे कागद तपासायला पडले होते, आणि मनात असं आलं होतं की चला, पोरगं मार्गाला लागलं. त्याच दिवशी पाळी सुटल्यावर, भर उन्हात, नाशिक रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या कंटेनरवर गणराजची मोटरसायकल मागून जाऊन आदळली. पोलिसांनी अपघात लिहिला. डॉक्टरांनीही अपघातच मानला होता, आज सकाळपर्यंत. कारण तो बरंय म्हणाला होता ना.

आता बघा, या माणसाचं सगळं आयुष्य शब्दांवर काढलेलं. सकाळी ताप-खोकला आणि दुपारी मन, अशी त्यांनी दवाखान्याची वाटणीच केली होती. आधी एमबीबीएस, मग चाळिशीला आल्यावर मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण. भोसरीत कुणी मनासाठी डॉक्टरकडं येत नाही, हे त्यांना पहिल्या महिन्यातच कळलं. लोक अ‍ॅसिडिटीसाठी येतात. डोकं जड आहे म्हणून येतात, नाइट शिफ्टमुळं झोप गेली म्हणून येतात. एक फिटर वर्षभर गुडघ्यासाठी येत होता, गुडघा ठणठणीत होता, लहान भाऊ गेला होता. या आडून बोलण्यातलं खरं काय ते हुडकून काढण्यात डॉक्टरांची हयात गेली. त्यांच्याइतका कान कुणाला नाही, असं लोक म्हणायचे आणि डॉक्टरांनाही मनातून ते पटलेलं होतं. संध्याकाळी घरी बसून ते लिहायचे. 'शून्याचा शेजार' हे त्यांचं पुस्तक पुण्यात चार लोकांनी वाखाणलं होतं. माणसाचं दुःख निरर्थक आहे, त्याला अर्थ चिकटवणं ही फसवणूक आहे, आणि सांत्वन करणारा माणूस आपलीच भीती शमवत असतो, असं त्यात त्यांनी चांगलं ठासून लिहिलेलं. एका वाक्याबद्दल तर त्यांना फार अभिमान होता: 'जो धीर देतो तो खोटं बोलतो.' त्या दिवशी फोन आला तेव्हा, म्हणजे त्यांनी केला तेव्हा, तेच पान समोर होतं.

गणराजनं ते पुस्तक वाचलं होतं. दवाखान्यातल्या कपाटात प्रती होत्या, त्यातली एक मागून घेतली आणि मोशी ते चाकण जाता-येता बसमध्ये वाचून काढली. मोटरसायकल नंतर आली. वाचून झाल्यावर समोरच्या खुर्चीत बसून त्यानं विचारलं होतं, "डॉक्टर, पुस्तकातले तुम्ही आणि इथले तुम्ही एकच का?" डॉक्टरांना गंमत वाटली. "का रे?" "नाही, पुस्तकातले तुम्ही म्हणता कशालाच अर्थ नाही. आणि इथले तुम्ही म्हणता गोळ्या जेवणानंतर घे." डॉक्टर मोठ्यांदा हसले होते. काय पण पकडलं पठ्ठ्यानं! आणि हसता हसताच म्हणाले, "पुस्तकसुद्धा जेवणानंतरच घ्यायचं. रिकाम्या पोटी नाही." गणराजही हसला होता. पण तो हसताना खाली बघत होता, हे डॉक्टरांना आज खुर्चीत बसल्यावर आठवलं. तेव्हा दिसलं असणारच, डोळे काय कुठं गेले नव्हते. दिसलं आणि सोडून दिलं, कारण आपण केलेला विनोद आपल्याला आवडला होता. डॉक्टरांनी तळहातानं तोंड पुसलं. खाली कुठल्यातरी वर्कशॉपमध्ये पत्रा दाबणारा प्रेस सुरू झाला होता आणि टेबलावरचा पेनस्टँड नेहमीसारखा बारीक थरथरत होता.

दिव्या आत आली. समोरच्या बाकावरचे पेशंट ओळीनं आत सोडणारी, औषधं देणारी, फोन घेणारी ती एकटीच. "डॉक्टर, त्या गणराजची आई दुपारी येणारेत. फोन आला होता. आज गावाला निघाल्यात, खोली सोडली म्हणे. त्याआधी तुम्हाला भेटून जाते म्हणाल्या." डॉक्टरांनी विचारलं, "कशाला?" दिव्यानं त्यांच्याकडं जरा चमकूनच बघितलं. असा प्रश्न त्यांनी आजवर कधी विचारला नव्हता. "ते काय बोलल्या नाहीत. एकच गोष्ट विचारायची आहे म्हणाल्या." ती गेली आणि पेशंट यायला लागले. डॉक्टर छातीला नळी लावत होते, जीभ बघत होते, गोळ्या लिहीत होते आणि सगळा वेळ दुपारचीच वाट बघत होते. एक म्हातारा चार दिवसांच्या तापातून उठून दाखवायला आला होता. "आता कसं आहे आजोबा?" "बरंय," म्हातारा म्हणाला. डॉक्टर त्याच्या तोंडाकडं बघत बसले. म्हातारा घाबरला. "काय झालं? काय निघालं का काय?" "नाही, नाही. काही नाही." हा उत्तर देतोय की निरोप घेतोय, हे त्यांना आता कुणाच्याच बाबतीत सांगता आलं नसतं.

आणि मग एकेक आठवायला लागले. बरंय म्हणून गेलेले. किती तरी. बरंय म्हणाले म्हणून डॉक्टरांनी ज्यांना मनातल्या मनात सुटी देऊन टाकली होती ते सगळे. ती एक शाळेतली बाई, वाकडहून येणारा तो चष्मेवाला कॉम्प्युटरवाला, एक ड्रायव्हर. त्यातले परत किती आले? परत न येणं म्हणजे बरं होणं, असं डॉक्टर धरून चालायचे. सगळेच डॉक्टर धरतात, नाहीतर धंदा करणं मुश्कील. पण आता मनात एकदा कीड लागली ती लागली. मग वडील आठवले. खंडू ओव्हाळ, पिंपरीच्या कारखान्यात जन्मभर प्रेसवर. पाळीवरून आले की डबा ओट्यावर ठेवायचे, आई विचारायची, "दमलात का?" आणि ते म्हणायचे, "बरंय." ज्योतीराम डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला होता तेव्हा वडिलांना महापालिकेच्या दवाखान्यात ठेवलं होतं. परीक्षेला निघताना तो कॉटपाशी गेला. "दादा, कसं वाटतंय?" वडिलांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला. "बरंय," ते म्हणाले. तो अगदी हलका होऊन पेपरला गेला, पेपरही उत्तम गेला. परत आला तेव्हा चादर ओढलेली होती. इतकी वर्षं तो ते असं सांगत आलेला की दादा शेवटपर्यंत बरे होते, अचानक गेले. मनगटावर हात कशाला ठेवला असेल? वडील कधी कुणाला हात लावणारे नव्हते. चाळीस वर्षं जिच्यावर आपण उभे होतो ती जागाच आज सकाळी कुणीतरी पायाखालून काढून घेतली, असं डॉक्टरांना वाटलं आणि त्यांना स्वतःची अतोनात कीव आली. मग त्या किवेचा राग आला. मेलं कोण आणि रडतोय कोण!

दुपारी जेवण गेलं नाही. गणराजच्या आईला, चतुराबाईला, काय सांगायचं? पुस्तकातल्या ओव्हाळांना विचारलं असतं तर ते ताडकन म्हणाले असते, खरं सांगायचं. पण खरं तरी काय होतं? एक शब्द होता. त्याचे दोन अर्थ होत होते. डॉक्टरांना आज त्यातला एक लख्ख ऐकू येत होता, पण तोही टपरीवरच्या एका अनोळखी माणसामुळं. कदाचित पोरगं खरोखरच बरं असेल. गाडी चालवताना डुलकी लागली असेल, उन्हानं डोळ्यापुढं अंधारी आली असेल. अशा पन्नास गोष्टी त्यांनी स्वतःला सांगून बघितल्या आणि एकही टिकेना, कारण त्यांचा कान त्यांना ओळखून होता. ती शांतता. मशिनांच्या धडधडाटात, बोलायच्या आधीची. बरं वाटणारा माणूस इतका वेळ थांबत नाही.

चतुराबाई आली तेव्हा ऊन जिन्यावर आलेलं होतं. हिरवट लुगडं, हातात कापडी पिशवी, कपाळ रिकामं. नवरा गावीच वारलेला, मग पोरानं मोशीत दोन खोल्या घेऊन तिला आणलं होतं. जालन्याकडची बाई, या गर्दीत तिचं कधीच मन लागलं नव्हतं, हे गणराजच सांगायचा. ती खुर्चीच्या कडेवर बसली.

"लई टाइम न्हाई घेत तुमचा. दीर थांबलेत मोशीला, सामान घेऊन."

"बसा सावकाश. पाणी?"

"नगं." तिनं पिशवी मांडीवर घेतली. "एकच इचारायचं व्हतं. पोलीस म्हणले अपघात. दीर म्हणतेत अपघात. गल्लीतल्या बाया तोंडावर अपघात म्हणत्यात आन माघारी कुजबुजत्यात. येवढा मोठा कंटेनर, डॉक्टर. आंधळ्यालाबी दिसला असता."

डॉक्टरांनी समोरचा पेनस्टँड बाजूला सरकवला.

"त्या दिशी सकाळी मी त्याला बोलले व्हते," ती म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला. "डब्यात शेपूची भाजी दिली. त्याला आवडत न्हाई. त्यो बघत बसला डब्याकडं. मला आला राग. म्हणलं, कवा बघावं तवा तोंड पाडून, जगात तूच येकला कामाला जातुस का? मरणाचं नाटक बंद कर." ती थांबली. "मरणाचं म्हणले मी. आपण म्हणतो तसं. म्हणतो का न्हाई आपण?"

"म्हणतो," डॉक्टर म्हणाले. "सगळेच म्हणतात."

"त्यानं डबा घेतला अन गेला. त्या दिशीपासून माझ्या घशाखाली घास उतरना. माझं बोलणं त्याला लागलं का काय, येवढंच मला सांगा. फोनात शेवटचं नाव तुमचं व्हतं. तुमच्यासंगट बोलला ना त्यो? काय बोलला?"

खाली प्रेस थांबला. एवढ्या वर्षांत डॉक्टरांनी या टेबलामागून हजार माणसांना गप्प बसून ऐकलं होतं, आणि गप्प बसण्याचं त्यांना शास्त्र अवगत होतं. पण या बाईसमोर गप्प बसणं म्हणजे तिला सांगून टाकण्यासारखंच होतं, आणि ती तर नजर न हलवता त्यांच्या ओठांकडं बघत होती.

"मी त्याला विचारलं, कसं वाटतंय," डॉक्टर म्हणाले. "तो म्हणाला, बरंय."

"बरंय म्हणला?"

"हो. तेच शब्द. बरंय, डॉक्टर."

इथपर्यंत एक अक्षरही खोटं नव्हतं. ते तिथंच थांबले असते तर त्यांच्या पुस्तकालाही बोट दाखवता आलं नसतं.

"म्हंजी बरा व्हता त्यो," चतुराबाई म्हणाली. ते विचारणं होतं.

"बरा होता," डॉक्टर म्हणाले. "अगदी बरा होता. डब्याबद्दल काही मनात नव्हतं त्याच्या. अपघातच झाला."

ती त्यांच्याकडं बघत राहिली. मग तिनं हळूच मान हलवली, दोनदा. पदरानं नाक पुसलं. "लई उपकार झाले," म्हणाली. तिनं पिशवी उचलली, दारापर्यंत गेली, तिथं क्षणभर थांबली आणि वळून म्हणाली, "बरंय, डॉक्टर."

आणि गेली. डॉक्टर खुर्चीत तसेच बसून राहिले, पुढचा शब्द येईल म्हणून. आपल्याकडं निघणारं माणूस नुसतं बरंय म्हणून जात नाही, त्याला शेपूट असतं. बरंय, येते. येते हं. ते यायला हवं होतं. जिन्यावर तिच्या चपलांचा आवाज खाली खाली जात होता आणि ते आलं नाही. गणराजच्या 'बरंय'लाही शेपूट नव्हतं! डॉक्टर धडपडत उठले. दिव्या बाहेर "काय झालं, काय झालं" म्हणते आहे, बाकावरचे पेशंट बघताहेत, कशाचं भान नाही. आतल्या स्लिपर पायात, नळी गळ्यात, साठी उलटलेला माणूस कठड्याचं तेल हाताला लागत जिना उतरून पळत सुटला.

ती स्टॉपवर उभी होती. तिनं त्यांना बघितलं आणि दचकली. "काय राहिलं का माझं वर?"

"येते म्हणा," डॉक्टर म्हणाले. त्यांना धाप लागली होती.

"काय?"

"निघताना येते म्हणतात, चतुराबाई. तुम्ही म्हणाला नाहीत. येते म्हणा."

तिला काहीच कळलं नाही. ती त्यांच्या पायातल्या स्लिपरकडं बघत होती. "आता कशाला येऊ, डॉक्टर?" ती साधेपणानं म्हणाली. "माझं काय राहिलंय हितं?"

डॉक्टरांच्या सगळ्या लिखाणात मिळून इतकं खरं वाक्य एक नव्हतं. मोशीची बस आली. चार जण पुढं घुसले, मग ती चढली, एका हातानं दांडा धरून, दुसऱ्या हातात पिशवी. कंडक्टर ओरडला, "आत सरका, मावशी." ती आत सरकली नाही. दारातच वळून तिनं खाली बघितलं. रस्त्यात एक म्हातारा होत चाललेला डॉक्टर उभा, शर्ट बाहेर आलेला, डोळ्यांत पाणी, मागून रिक्षावाला हॉर्न मारतोय. तिचा चेहरा बदलला. पोर रडायला लागल्यावर बाईमाणसाचा बदलतो तसा.

"बरं, येते," ती म्हणाली. "येते हां, डॉक्टर. येईन की मी. जावा तुमी आता वर, पेशंट खोळंबले असतील."

डॉक्टरांनी मान हलवली, दोनदा. बस निघाली. ती येणार नव्हती, हे त्यांना ठाऊक होतं. तिलाही ठाऊक होतं. किती सहज म्हणाली, जीभ अडखळली नाही, आवाज मऊ, वर एक 'हां' जोडलेला आणि 'येईन की' हे तर न मागताच दिलेलं. हा आवाज आपण आत्ताच कुठंतरी ऐकला, असं त्यांना वाटलं आणि लगेच कुठं तेही आठवलं. घटकेपूर्वी, वर, टेबलामागून, स्वतःच्याच तोंडून. अगदी बरा होता. डब्याबद्दल काही मनात नव्हतं त्याच्या. न मागताच दिलेलं.

आणि ती तेव्हा त्यांच्याकडं बघत राहिली होती, आणि मग तिनंही अशीच दोनदा मान हलवली होती.